सूप वाटीत राहू द्या

मागच्या अंकात किडनीच्या रुग्णांनी मीठ किती खावं यावर चार ओळी लिहिल्या होत्या. मला वाटलं, आता पापड-लोणच्याचे प्रश्न येतील. आले नूडलचे! पुडीतली नूडल, गाडीवरचं मंचाव, नूडलवर काय टाकू नि काय नको. सोलापूर बदललं म्हणायचं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्या पत्रात नूडलपेक्षा मोठी भानगड दडली होती.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५४. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. बीपी बारा वर्षांपासून आहे, शुगर नाही. दोन वर्षांपूर्वी किडनीचं कळलं. आता रक्तातलं क्रिएटिनिन २.१ आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ३६ आहे. डॉक्टर म्हणतात तिसरी पायरी, 'थ्री बी'. रात्रपाळीला दोनच्या सुमाराला भूक लागते, तेव्हा आम्ही पाच-सहा जण मिळून नूडल करतो, भरपूर पाणी घालून, सूपासारखी. पंधरा वर्षांची सवय आहे. किडनीचं कळल्यापासून घरात त्यावरून रोज भांडण. मी म्हणतो, सूपच तर आहे, आजारी माणसाला सूपच देतात की. आणि पाणी जास्त घातलं की मीठ कमी नाही का होत? आता तर मसाला अर्धाच टाकतो. घरातलं मीठपण बदललं, दुकानदारानं बीपीवाल्यांचं 'लो सोडियम' मीठ दिलंय. महाग आहे, पण चवीला ठीक आहे. दिवाळीत पोटॅशियम ४.६ होतं, परवा ५.४ आलं. संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उमटतो. नूडल खाऊ का नको, एवढंच सांगा.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, नूडलचं सांगतेच. पण तुम्ही जाता जाता लिहिलेलं मिठाचं वाक्य मी दोनदा वाचलं, आणि खरी काळजी मला त्याची वाटते.

'लो सोडियम' मीठ म्हणजे साध्या मिठातलं थोडं सोडियम क्लोराइड काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ. किडनी धडधाकट असलेल्या बीपीच्या माणसाला त्याचा फायदा होतो, दुकानदार अगदीच खोटं बोलला नाही. पण त्याला तुमचा ईजीएफआर ठाऊक नव्हता. जादाचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि तुमची किडनी त्या कामाला कमी पडते. शिवाय टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम थोडं चढतं. तुमच्या चिठ्ठीत त्यातली एखादी असणारच असं मी धरून चालते, कारण किडनीला जपायला डॉक्टर त्याच देतात. म्हणजे गोळी एका बाजूनं चढवते आणि मीठ दुसऱ्या बाजूनं. ४.६ चं ५.४ असंच झालं असावं.

तेव्हा ते मीठ आजच बंद करा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, दिवाळीचा आणि परवाचा असे दोन्ही रिपोर्ट न्या, आणि ती मिठाची पिशवीसुद्धा न्या. पिशवी न्याच. 'मीठ बदललं' एवढंच सांगितलं तर गर्दीच्या ओपीडीत ते ऐकून सोडलं जाईल. मागची बाजू दाखवली की डॉक्टर वाचतील. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पुष्कळदा आधी काहीच जाणवत नाही. मध्येच हातपाय गळून गेल्यासारखे झाले, छातीत धडधड झाली, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता नूडल.

पाणी वाढवलं की मीठ कमी होतं, हे म्हणणारे तुम्ही पहिले नाही. तांब्याभर पाण्यात चमचाभर मीठ टाका, आणि घागरभर पाण्यात चमचाभर टाका. घागर अख्खी प्यायलात तर पोटात चमचाभरच मीठ गेलं की! कमी झालं ते फक्त जिभेला. पाणी वाढवून ते पाणी वाटीतच सोडून दिलंत, तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही तर शेवटी वाटी तोंडाला लावत असणार. रात्री दोन वाजता, यंत्रमागाच्या खडखडाटात, गरम सूपाचा तो शेवटचा घोट कोण सोडतं?

हे लिहिताना माझ्यासमोर कोपऱ्यावरच्या किराण्यातून आणलेली एक पुडी आहे. मागचा तक्ता चष्मा लावूनही डोळे बारीक करून वाचावा लागला. सोडियम १३०० मिलिग्रॅम असं लिहिलंय, पण ते १०० ग्रॅमला. पुडी आहे ७० ग्रॅमची. म्हणजे एका पुडीत ९१० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, सव्वादोन ग्रॅमच्या थोडं वर. बाजारातल्या बहुतेक पुड्या याच्याच आसपास असतात, एका पुडीला ८०० ते १२००. तक्ता वाचताना तो १०० ग्रॅमचा आहे की पुडीचा, हे आधी बघत जा. इथं शिकलेसवरलेले लोकसुद्धा फसतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे २ ग्रॅम सोडियम. किडनीच्या आजारातही हाच आकडा धरतात. ५ ग्रॅम म्हणजे पोह्याच्या नव्हे, चहाच्या चमच्यानं एक सपाट चमचा, तोही भरगच्च नको. त्यातलं निम्म्याच्या जवळ मीठ पुडीनं रात्री दोनलाच संपवलं. मग दिवसाच्या आमटीला, भाजीला, ताकाला काय उरलं?

मोज्याचा वळही इथंच येतो. सलाइनच्या बाटलीत लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं, आपल्या रक्तातल्या खारटपणाच्या बरोबरीचं. किडनीला जेवढं मीठ बाहेर टाकता येत नाही, तेवढं मीठ त्याच हिशेबानं पाणी धरून बसतं. पुडीतलं सगळं मीठ अंगात राहिलं तर साधारण पाव लिटर पाणी. ते घोट्यापाशी उतरतं, बीपी चढवतं, आणि तुमच्या महागाच्या गोळीचा निम्मा जोर खाऊन टाकतं. मीठ भरपूर खाणाऱ्यांना या गोळ्यांचा गुण कमी येतो, लघवीतून जाणारं प्रथिनही मग आटोक्यात येत नाही.

यातलं बरंचसं मीठ मसाल्याच्या छोट्या पुडीत असतं. म्हणून तुम्ही अर्धा मसाला टाकता, ते चांगलंच आहे. पण नूडलच्या वडीतही मीठ असतं. खरं वाटत नसेल तर कच्च्या वडीचा कोपरा मोडून चावून बघा. शिवाय घटकांच्या यादीत आकडे दिसतील. ४५१ म्हणजे फॉस्फेट, ५०१ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, आणि ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, हो, तुमच्या नव्या मिठातलंच. प्रमाण थोडं असतं, पण तुमचं पोटॅशियम ५.४ असताना थोडंही माहीत असलेलं बरं. फॉस्फेटचं तर आणखी एक आहे. ज्वारीत, डाळीत जो फॉस्फरस असतो तो निम्मासुद्धा नीट शोषला जात नाही. पण कारखान्यात वरून घातलेला जवळजवळ सगळा रक्तात जातो. तुमच्या पत्रात फॉस्फरसचा आकडा नाही. पुढच्या तपासणीत तो करायचा का, तेही विचारून घ्या.

जाता जाता अजिनोमोटोचं. नूडल म्हटलं की प्रत्येक जण मला तेच विचारतो. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी ते शोधून काढलं, आणि १९५८ साली मोमोफुकु आंदोंनी तळून वाळवलेली झटपट नूडल काढली. अजिनोमोटोत सोडियम असतं शेकडा १२ च्या आसपास, मिठात शेकडा ३९. लोक १२ ला घाबरतात आणि ३९ वरून भुरभुरवून खातात. दोन्ही मोजायचं, दुसरं काय.

आता 'आजारी माणसाला सूपच देतात' याविषयी. दादा, ही चूक मीही केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत किडनीच्या एका आजोबांना भूक लागत नव्हती, म्हणून मी त्यांच्या कागदावर लिहून दिलं, 'दिवसातून दोनदा सूप'. मीठ किती, कशाचं सूप, काहीच लिहिलं नाही. घरच्यांनी मनापासून टोमॅटो, पालक, बटाटा उकळून, वर पाकिटातली पावडर घालून सूप दिलं. दहा दिवसांनी आजोबा आले ते चप्पल पायात न जाणारे. मला कुणी काही बोललं नाही. त्या सूनबाईंनी माझाच कागद नीट घडी घालून जपून आणला होता, तो बघून मलाच कसंतरी झालं.

तेव्हापासून सूपाचं नाव निघालं की मी पाण्याकडे बघते. मीठ पाण्यात उतरतं. भाजीतलं पोटॅशियमही उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून तर आम्ही किडनीवाल्यांना भाजी चिरून, उकडून ते पाणी फेकायला सांगतो. मटणाचंही तसंच. हाडं-मांस उकळलं की पोटॅशियम नि फॉस्फरस दोन्ही रश्श्यात येतात. आपल्या खानावळीत सुरुवातीला वाटीभर 'अळणी' देतात ना, नाव अळणी, पण त्यातही मीठ असतंच, नुसतं तिखट नसतं. तर जे जे आम्ही फेकायला सांगतो, ते सगळं सूपाच्या वाटीत गोळा झालेलं असतं. नूडल त्या मानानं बिचारी साधी आहे. मैदा, तेल, थोडं मीठ. उद्धार मात्र तिचाच होतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : नूडल महिन्यातून दोनदा खा, सूप नको. आणि करायची रीत बदला. पोटॅशियम खाली आल्यावर सुरू करा, त्याआधी नको.

टोप दोन लागतील, कारण मित्रांच्या टोपातली तुम्हाला चालणार नाही. वडी भरपूर उकळत्या पाण्यात, मसाला न घालता शिजवा. चाळणीत ओता, ते पाणी मोरीत जाऊ द्या. त्याबरोबर वडीतलं काही मीठ, काही तेल जातं. मग मसाल्याच्या पुडीतला पाव भाग या निथळलेल्या नूडलवर वरून भुरभुरा, पाण्यात नाही. फरक तुम्हालाच कळेल. पाण्यात विरघळलेला मसाला पातळ लागतो, तोच नूडलला चिकटून बसला की पावच असून जिभेला झणका देतो. वर अर्धं लिंबू, चार मिऱ्या कुटून, असल्यास कोथिंबीर. मित्र हसतील. हसू द्या.

आणि सूपाचाच सोस असेल तर घरी करा, शेवयांचं. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर शेवया घालतात. सासूबाई पीठ भिजवताना मूठ सैल ठेवून मीठ टाकायच्या, 'टिकायला लागतं' म्हणून. एक वर्ष मी बिनमिठाच्या दोन किलो वेगळ्या घालून घेतल्या. सोलापूरच्या उन्हात काय खराब होणार होत्या? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खडखडीत राहिल्या. तुमच्या घरी घालत असतील तर पीठ भिजवायच्या आधीच सांगून ठेवा, नंतर मीठ काढता येत नाही. विकतच्या असतील तर पाकीट उलटून बघा, पुष्कळशा नुसत्या रव्याच्या असतात.

मूठभर शेवया, साधारण ४० ग्रॅम, कोरड्याच तांबूस भाजून घ्या. कोबी आणि गाजर बारीक लांब चिरून वेगळ्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, ते पाणी फेका. कढईत चमचाभर तेल, त्यात चार लसूणपाकळ्या ठेचून. लसूण कडेनं तपकिरी होईपर्यंत थांबा, इथं घाई केली तर पुढं मिठाची आठवण येत राहते. मग किसलेलं आलं, हिरवी मिरची, निथळलेली भाजी, दीड वाटी साधं पाणी. उकळी आली की शेवया. शिजत आल्या की चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला, दाटपणा येतो आणि गाडीवरच्या सूपाचा भास होतो. शेवटी चमचाभर व्हिनेगर नाहीतर लिंबू, भरपूर मिरी. मीठ दोन चिमटी. माझी तीन बोटांची चिमूट मी एकदा सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहिली, अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर भरली. तुमची बोटं जाड असतील, हात आखडता ठेवा. म्हणजे वाटीत एक ग्रॅम मीठ आणि भाजीचं पाणी नाही. हे सूप प्या, वाटी तोंडाला लावून प्या.

टोमॅटो, पालक, बटाटा यात सध्या घालू नका. पोटॅशियम खाली आलं की टोमॅटोची फोड चालेल, डॉक्टरांनी तसं सांगितलं तर. पोटॅशियम नॉर्मल असलेल्या किडनीच्या रुग्णांनी मात्र शेजाऱ्याच्या रिपोर्टवरून फळं-भाज्या सोडू नयेत, त्यानं नुसतं बद्धकोष्ठ होतं. पाण्याचंही तसंच. तिसऱ्या पायरीत पाणी मोजून प्यायची वेळ बहुतेकांवर येत नाही. तुमच्या पायावर सूज आहे म्हणून तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. कारखान्यात मे महिन्यात काय उकाडा असतो ते त्यांना सांगा, घाम किती येतो तेही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. लघवी दिवसाला जेमतेम वाटीभर होते. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेतीन-चार किलो वाढतं, आणि तिथल्या सिस्टर मला ओरडतात. शुक्रवारी घरी येताना सात रस्त्याच्या अलीकडे चायनीजची गाडी लागते. तिथं त्या मंचाव सूप मागतातच. 'आज धुऊन निघाले, आज चालतंय' म्हणतात. नाही म्हटलं तर घरी येऊन जेवत नाहीत. काय करू?
— एक सून, जुळे सोलापूर

उत्तर : ओरडा तुम्हाला बसतो आणि सूप त्या पितात, हा न्याय काही बरा नाही!

सासूबाईंना एक सांगा. डायलिसिसमध्ये धुऊन निघतं ते त्या दिवसापर्यंतचं. शुक्रवारी संध्याकाळी प्यायलेलं सूप धुवायला मंगळवार उजाडतो. आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर तेच, आणि त्या नेमक्या त्याच्याच तोंडाशी सूप पितात. घ्यायचंच झालं तर शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट.

आता मापाचं. डायलिसिसवर असलेल्या माणसाला साधारणपणे जेवढी लघवी होते त्यात अर्धा लिटर मिळवून दिवसाचं पाणी ठरवतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. वाटीभर लघवी म्हणजे दीडशे मिली धरू, एकूण साडेसहाशे. त्यात चहा आला, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं, आमटी आली, ताक आलं. गाडीवरचा मंचावचा बाउल दोनशे ते अडीचशे मिलीचा. दिवसाच्या कोट्यातला तिसरा हिस्सा गाडीपाशी उभ्या उभ्या संपला. त्यात सोया सॉस. मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि गाडीवाला बाटली धरतो ती चमच्यानं नाही, मनगटाच्या झटक्यानं. वर मीठ, वर पुन्हा सॉस. मग घरी आल्यावर तहान. खरी भानगड सूपाच्या पाण्यापेक्षा या तहानेची आहे. मीठ पोटात असताना पाणी नको म्हणून कुणाला राहवत नाही, आणि प्यायलेलं एक लिटर म्हणजे काट्यावर एक किलो. तुम्ही पाण्याचा तांब्या लपवत असाल तर लपवू नका, त्याआधी मीठ लपवा.

पण त्यांचं जेवण बंद होऊन चालणार नाही. डायलिसिसवाल्यांना प्रथिनं उलट जास्त लागतात, वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ५० किलोच्या बाईला रोज ५० ते ६० ग्रॅम, आणि हे भातावर नि पातळ आमटीवर भागत नाही. म्हणून सूप काढून घ्यायचं, नूडल राहू द्यायची, त्यात अंडं घालायचं. शुक्रवारी निघायच्या आधी घरी साधी नूडल उकळून, निथळून, तेलाचा हात लावून ठेवा. हक्का म्हणून मिळते ती, मसाल्याच्या पुडीशिवायची. आल्यावर लसूण, कांद्याची पात थोडी, उकडून पाणी टाकलेली कोबी आणि दोन अंड्यांचं पांढरं, मोठ्या आचेवर परतायचं. पांढऱ्यात एका अंड्याला साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि फॉस्फरस अगदी थोडा. सोया सॉस पाव चमचा, चहाच्या चमच्यानं, त्याउपर मीठ नाही. अंडं खात नसतील तर पनीरचे चार तुकडे. फॉस्फरस कमी करायची गोळी चालू असेल तर ती या खाण्याबरोबरच द्यायची, तासाभरानं घेतली तर तिचा उपयोग होत नाही.

गाडीपाशी मात्र थांबा. मला वाटतं त्यांना सूपापेक्षा तिथं थांबायचंच असतं. चार तास सुया टोचून पडून राहिलेल्या बाईला रस्त्यावरची वर्दळ बघत पाच मिनिटं उभं राहावंसं वाटत असेल. तुम्ही एक सूप घ्या, तुमच्या बाउलमधले तीन चमचे त्यांना द्या, बाकीचं तुम्ही संपवा. वरची तळलेली नूडल चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवा. तीन चमच्यांचे पन्नास मिलीसुद्धा होत नाहीत. ते त्या दिवसाच्या हिशेबात लिहा आणि सिस्टरना सांगूनही टाका.

प्रश्न : सैंधव मीठ किडनीला चालतं असं आमच्या भिशीत सांगितलं. नूडल सूपात तेच वापरते. बरोबर ना?

उत्तर : नाही. सैंधव खाणीतून आलं तरी मीठच, जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. गुलाबी रंगामुळं किडनी त्याला ओळखत नाही असं होत नाही. मोजताना पांढऱ्यासारखंच मोजा. काळं मीठ, पादेलोणही त्यातच. शिवाय आयोडीन घातलेलं मीठ सोडून नुसतं सैंधवच खाल्लं तर आयोडीनलाही मुकाल.

प्रश्न : मसाल्याच्या पुडीऐवजी मी निथळलेल्या नूडलवर आपली शेंगदाण्याची चटणी टाकतो. पोरं हसतात, पण मला आवडतं. माझी किडनी तिसऱ्या पायरीवर आहे, पोटॅशियम ४.४, फॉस्फरस नॉर्मल. चालेल का?

उत्तर : पोरांना म्हणावं, आधी खाऊन बघा. मी बघितलं, छान लागते. फक्त नूडल गरम असतानाच टाकायची, म्हणजे दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी नूडलला धरून बसते.

दाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात म्हणून किडनीवाल्यांना दाणे मोजून खायला सांगतात. पण चटणीचा एक मोठा चमचा म्हणजे १० ग्रॅम धरला, तर त्यात पोटॅशियम ७० मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या आकड्यांना ते जड नाही. दाण्यातला फॉस्फरसही सगळा शोषला जात नाही, तो पुडीतल्या फॉस्फेटसारखा नव्हे. अडचण मिठाची. विकतची चटणी टिकावी, चटकदार लागावी म्हणून तिच्यात मीठ सढळ असतं, आणि नवी पेठेत सुटी घेतली तर वाचायला मागे तक्ताही नसतो.

घरी कुटा. दाणे मंद आचेवर भाजून, साल पाखडून, लसूण, लाल तिखट, जिरं. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत, मिक्सरला तसा तेलकट गोळा होत नाही. मीठ कुटताना घालू नका, पाव किलो दाण्यांना शेवटी एक सपाट चहाचा चमचा, तोही चाखून. पाव किलोचे पंचवीस चमचे होतात, म्हणजे चमच्यामागे मीठ पाव ग्रॅमच्याही आत. एका वेळी एकच चमचा, आणि ज्या दिवशी नूडलवर घ्याल त्या दिवशी भाकरीबरोबर पुन्हा नको. डबा घरातल्यांच्या चटणीपासून वेगळा ठेवा, झाकणावर खूण करा. नाहीतर कुणीतरी 'यात मीठच नाही' म्हणून मूठभर मिसळून ठेवतं, आमच्याकडे दोनदा झालंय.